अग्निवीर की टीए? अर्ज भरण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, सातारा, सांगलीच्या पट्ट्यात फौजेत जाणं ही घराण्याची रीत आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. पण आजोबा ज्या भरतीत गेले, वडील ज्या भरतीत गेले, ती भरती आता राहिलेली नाही. आज जवान म्हणून जायचं तर दोन वाटा आहेत : अग्निवीर किंवा प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी), म्हणजे आपल्या बोलण्यातली टीए. दोन्हींचा गणवेश सारखा, पण घरावर होणारा परिणाम अगदी वेगळा. मैदानावर सराव करणारी मुलं आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

दोन्हींत नेमका फरक काय?

अग्निवीर हा पूर्णवेळ सैनिक. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, आणि तेव्हापासून भूदल, नौदल आणि वायुदलात अधिकारी पदाखालची नेहमीची भरती याच मार्गाने होते. प्रशिक्षण धरून चार वर्षं सेवा. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढच्या १५ वर्षांसाठी कायम केलं जातं, बाकीचे घरी येतात.

टीए ही भूदलाचीच फळी आहे, पण ती नागरिकांची. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. ज्याचा स्वतःचा पोटापाण्याचा उद्योग आहे, मग ती नोकरी असो, दुकान असो वा वकिली, त्याने वर्षातले दोन महिने प्रशिक्षणाला यायचं आणि देशाला गरज पडली की गणवेश चढवून हजर व्हायचं, ही तिची मूळ कल्पना. नियमित फौजेला ठिकठिकाणच्या पहाऱ्यातून आणि बंदोबस्तातून मोकळं करणं, आपत्तीत मुलकी प्रशासनाला मदत करणं, रेल्वे-तेलासारख्या अत्यावश्यक सेवा बंद पडू न देणं ही तिची कामं. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टीएची माणसं होती.

म्हणजे टीए ही नोकरी आहे की नाही?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

टीएच्या अधिकारी भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की ही अर्धवेळ सेवा आहे, वर्षाला दोन महिन्यांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे आणि पूर्णवेळ रोजगाराची हमी नाही. पेन्शनही प्रत्यक्ष बोलावलेल्या सेवेवर अवलंबून. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची आणि अधिकाऱ्याला २० वर्षांची अशी सेवा भरावी लागते. हे कागदावर मांडून बघा. समजा तुम्हाला दर वर्षी फक्त प्रशिक्षणापुरतं, म्हणजे दोनच महिने बोलावलं, तर जवानाच्या पेन्शनची १५ वर्षं भरायला ९० वर्षं लागतील. बटालियन प्रत्यक्ष सेवेवर असते तेव्हाच ही वर्षं झपाट्याने भरतात, आणि ती कधी सेवेवर जाईल हे तुमच्या हातात नसतं.

टीएच्या भरती रॅलीला येणाऱ्या मुलांची गर्दी पाहिली की जीव तुटतो तो याचसाठी. अंगात दम असलेली, गणवेशाची खरीखुरी ओढ असलेली मुलं असतात; पण ‘अग्निवीरचं वय गेलं, आता टीएतून परमनंट होऊ’ असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं.

पण आमच्या गावातले टीएचे जवान वर्षानुवर्षं काश्मीरमध्ये आहेत. त्यांना दर महिन्याला पगार येतो. मग?

तेही खरंच आहे. टीएच्या पायदळ बटालियन जम्मू-काश्मीर आणि ईशान्येत प्रदीर्घ काळ तैनात असतात. बटालियनला असं सेवेत घेतलं की जवानाला पूर्ण पगार, रजा, रेशन, सगळं नियमित जवानासारखं मिळतं. अशा बटालियनमध्ये भरती झालेला मुलगा सलग काही वर्षं घराबाहेर राहू शकतो आणि गावाला वाटतं, पोरगा मिलिटरीत लागला.

ताजं उदाहरण घ्या. ६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचे अधिकार दिले. एकूण ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन सेवेत घेण्याला त्यात मान्यता होती, आणि आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. म्हणजे ३२ पैकी १४. तुमची बटालियन त्या १४ मध्ये असेल तर तीन वर्षं पगार सुरू. नसेल तर दोन महिने शिबिर आणि घर. दोन्ही शक्यतांची तयारी हवी. घरी बसवलेल्या काळात पगार नसतो, आणि बोलावलेल्या काळात ‘सध्या जमणार नाही’ म्हणता येत नाही. गणवेशात असेपर्यंत तुम्हाला आर्मी ॲक्टच लागू असतो.

माझं वय १९ आहे. आधी कशासाठी प्रयत्न करू?

अग्निवीर. योजना आली तेव्हा त्याची वयोमर्यादा साडेसतरा ते २१ ठरली होती. २०२२ मध्ये एकदा ती २३ केली होती, त्यामुळे त्या-त्या वर्षीची जाहिरात बघायची. टीएसाठी १८ ते ४२. जो दरवाजा आधी बंद होतो तिथे आधी जावं. टीए तुमच्यासाठी पुढे वीस वर्षं उघडीच आहे, आणि तोवर हातात एखादा व्यवसाय आला असेल तर तुम्ही टीएला हवे तसेच उमेदवार व्हाल.

मात्र एक करा. अग्निवीरची तयारी करताना शिक्षण सोडू नका. मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी चालू ठेवा. पदवी असेल तर पुढे टीएत अधिकारी म्हणून अर्ज करता येतो, सीडीएस ही पूर्णवेळ अधिकारी होण्याची परीक्षा देता येते. पदवी नसेल तर या वाटा नाहीत.

आणि वय २७ असेल, पक्की नोकरी नसेल तर?

तर आधी काम शोधा, मग टीए. हे कठोर वाटेल, पण रॅलीच्या तयारीत वर्षं घालवायची, भरती व्हायचं आणि बटालियन घरी पाठवेल तेव्हा तिशी उलटलेली असताना पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची, हे त्याहून कठोर आहे. आयटीआय करा, लायसन्स काढा, एमआयडीसीत लागा, दुधाचा धंदा वाढवा. ४२ पर्यंत वेळ आहे.

अग्निवीरला चार वर्षांत नेमके किती पैसे मिळतात?

इथे अफवा फार आहेत, म्हणून आकडे सविस्तर देतो. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के दर महिन्याला सेवा निधीसाठी कापले जातात. त्यामुळे हातात पहिल्या वर्षी २१,०००, मग २३,१००, मग साधारण २५,५५० आणि शेवटच्या वर्षी २८,००० येतात. खडतर भागात असाल तर त्याचे भत्ते वेगळे.

आता कपातीचा हिशेब. पहिल्या वर्षी ९,००० गुणिले १२, म्हणजे १ लाख ८ हजार. दुसऱ्या वर्षी ९,९०० च्या हिशेबाने १ लाख १८ हजार ८००. तिसऱ्या वर्षी १०,९५० प्रमाणे १ लाख ३१ हजार ४००. चौथ्या वर्षी १२,००० प्रमाणे १ लाख ४४ हजार. बेरीज ५ लाख २ हजार २००. तेवढीच रक्कम सरकार घालतं, म्हणजे १० लाख ४ हजार, आणि व्याजासह बाहेर पडताना सुमारे ११.७१ लाख. यावर आयकर नाही.

म्हणजे ज्याला लोक ‘सरकारने दिलेले बारा लाख’ म्हणतात, त्यातला निम्मा भाग तुमच्याच पगाराचा आहे. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. ११.७१ लाख ही २२-२३ वर्षांच्या मुलासाठी मोठी रक्कम आहे, पण ती बहिणीच्या लग्नात किंवा नव्या गाडीत गेली तर हातात काही उरत नाही. हे पैसे कशासाठी ठेवायचे याचं बोलणं भरती होण्याआधी घरात झालं पाहिजे. चार वर्षांनी पैसे खात्यात आल्यावर मागणारे खूप असतात.

आणि टीएमध्ये?

बोलावलेल्या काळात नियमित सैन्याचंच वेतनमान. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, त्यावर ५,२०० रुपये सैनिकी सेवा वेतन, शिवाय महागाई भत्ता. लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० पासून आणि सैनिकी सेवा वेतन १५,५००. प्रशिक्षणाच्या दोन महिन्यांतही हाच पगार. म्हणजे महिन्याच्या पगाराची तुलना केली तर टीएचा जवान अग्निवीरापेक्षा सरस दिसतो. पण वर्षाचा हिशेब करायचा असेल तर वर्षात किती महिने बोलावणार ते आधी कळायला हवं, आणि ते कुणीच सांगू शकत नाही.

२५ टक्क्यांत माझा नंबर लागेल का?

तुमच्या गुणांवर अवलंबून आहे, आणि चारही वर्षांचं मूल्यमापन त्यात धरलं जातं. पण घराचं नियोजन करताना नंबर लागणार नाही असंच धरा. चारपैकी तिघे परत येतात. जी मुलं हे मान्य करून जातात ती तिथे शिकण्यासारखं सगळं शिकून घेतात : ड्रायव्हिंग, सिग्नलचं काम, यंत्रांची देखभाल. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं आणि आसाम रायफल्समध्ये अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखीव ठेवण्याचं आणि वयात सूट देण्याचं सरकारने योजनेच्या सुरुवातीलाच जाहीर केलं आहे. त्या परीक्षांची तयारी शेवटच्या वर्षीच सुरू करायची.

निवड कशी होते? मैदान आधी की लेखी?

अग्निवीरमध्ये २०२३ पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी. त्यात पास झालात तरच मैदान. त्यामुळे फक्त पळण्यावर भर देणाऱ्या अकॅडमीत वर्षाची फी भरण्याआधी तिथे गणित आणि सामान्य विज्ञान कोण शिकवतं ते विचारा. मैदानात १.६ किलोमीटर धावणं, पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. १० पुलअप्सला पूर्ण ४० गुण, आणि साडेपाच मिनिटांच्या आत धाव पूर्ण केली तर ६० गुण. महाराष्ट्रातल्या मुलासाठी जीडीला (जनरल ड्यूटी, म्हणजे सर्वसाधारण शिपाई) उंची साधारण १६८ सेंटिमीटर लागते.

टीएच्या जवान भरतीत उलट आहे. तिथे रॅली आधी होते; धावणं, मोजमाप, कागदपत्रं, मेडिकल, आणि मग लेखी. उंची १६० सेंटिमीटर आणि छाती ५ सेंटिमीटर फुगवून ८२. उंचीची ही सवलत हे टीएच्या रॅलीला गर्दी होण्याचं एक मोठं कारण. शिक्षणाची अट जीडीसाठी दहावी पास, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३.

रॅलीबद्दल थोडं सांगायलाच हवं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापुरात टीएची रॅली झाली तेव्हा बाहेरच्या राज्यांतूनही मुलं आली होती. रॅलीच्या आदल्या रात्री मुलं स्टँडवर, फूटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर अंगावर चादर ओढून पडलेली असतात. उशाला बॅग, बॅगेत मूळ कागदपत्रं. पहाटे दोन-तीनला रांग लागते. उपाशीपोटी, अर्धवट झोपेत पहिल्या फेरीतच दमछाक होऊन बाहेर पडणारी कितीतरी मुलं एरवी सरावात सहज पास होणारी असतात. शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचा, नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत नीट झोपा, सकाळी केळी आणि पाणी जवळ ठेवा. या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी निकाल फिरतो.

बटालियन कोल्हापूरची आहे म्हणजे ड्यूटी कोल्हापुरातच ना?

नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या टीए बटालियन पुणे आणि कोल्हापूरला आहेत : पुण्यात १०१ आणि कोल्हापुरात १०९. देवळालीला ११६ पॅरा टीए आहे. पण ही त्यांची मुख्यालयं. बटालियन सेवेवर जाते तेव्हा जिथे गरज असेल तिथे जाते, आणि ती जागा बहुतेक वेळा सीमेच्या किंवा अशांत भागाच्या जवळ असते. आईला ‘मी इथेच असेन’ असं सांगून टीएचा फॉर्म भरू नका.

मी खासगी कंपनीत आहे. बोलावणं आलं तर नोकरी जाईल का?

कायदा तुमच्या बाजूने आहे. १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्याचं कलम ७ सांगतं की बोलावणं आलेल्या कर्मचाऱ्याला सेवा संपल्यावर मालकाने पुन्हा कामावर घेतलं पाहिजे, आणि तेही आधीपेक्षा वाईट अटींवर नाही. मालकाने नकार दिला तर त्याला दंड होऊ शकतो आणि सहा महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम द्यावी लागू शकते. भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क त्या काळात बुडू नयेत यासाठी कलम ७-अ आहे.

प्रत्यक्षात मात्र अडचण येते ती कायद्यात नाही, नोकरीच्या स्वरूपात. एमआयडीसीतली बरीच मुलं कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात. अकरा महिन्यांचा करार, मग ब्रेक, मग नवा करार. अशा मुलाने कुणाच्या दारात जाऊन कलम ७ दाखवायचं? म्हणून अर्ज करण्याआधी आपल्या नेमणुकीचा कागद काढून वाचा. नेमणूक कुणाची आहे, कंपनीची की कंत्राटदाराची? कायम आहे की मुदतीची? कायम नोकरी असेल तर अर्ज करतानाच एचआरकडून लेखी ना-हरकत घ्या. सरकारी, बँकेतल्या आणि सार्वजनिक उपक्रमांतल्या लोकांना टीए तुलनेने सोपी जाते ती यामुळेच. पोलीस आणि निमलष्करी दलांत असलेल्यांना मात्र टीएत जाता येत नाही.

माझी शेती आहे, मालक कुणीच नाही. मग तर सोपं?

मालक नाही, म्हणून जागा राखून ठेवणारंही कुणी नाही. ऊस तोडीला आला आणि तुम्ही शिबिरात, असं होणार. द्राक्षाची छाटणी, डाळिंबाचा बहार तुमच्या परतीची वाट बघत थांबत नाहीत. ज्या घरात भाऊ आहे, वडिलांची तब्येत धडधाकट आहे, किंवा बायको कारखान्याची पावती आणि सोसायटीचं कर्ज दोन्ही सांभाळू शकते, त्या घरातल्या माणसाला टीए निभावते. आणि असं असेल तर टीए अतिशय सुंदर गोष्ट आहे, हेही तितक्याच जोर देऊन सांगतो. गावात राहून, आपला व्यवसाय सांभाळून वर्षातले दोन महिने सैनिक म्हणून जगायला मिळणं, गरज पडली तर देशाच्या कामी येणं, याचं मोल पैशांत होत नाही. ज्यांना ते परवडतं त्यांनी जरूर जावं.

घरात ज्याच्यावर काम पडणार आहे तिला मात्र आधी विचारा. बहुतेक वेळा ती बायको किंवा वहिनी असते, आणि बहुतेक वेळा तिला सगळं ठरल्यावर सांगितलं जातं.

लग्न झालेलं चालतं का?

अग्निवीरला नाही, अर्ज करताना अविवाहित असावं लागतं आणि चार वर्षांत लग्न करता येत नाही. टीएला विवाहित चालतात.

अधिकारी म्हणून टीएत जायचं असेल तर?

पदवी, वय १८ ते ४२ आणि स्वतःचं उत्पन्न, एवढं लागतं. आधी लेखी परीक्षा : एका भागात बुद्धिमापन आणि गणित, दुसऱ्यात सामान्य ज्ञान आणि इंग्रजी. प्रत्येकात किमान ४० टक्के आणि सरासरी ५० टक्के. मग प्राथमिक मुलाखत मंडळ, मग एसएसबी म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची चाचणी, मग मेडिकल. निवड झाल्यावर पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण, पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं कमिशननंतरचं (अधिकारी म्हणून नेमणूक झाल्यानंतरचं) प्रशिक्षण, आणि दर वर्षीचं दोन महिन्यांचं शिबिर वेगळं. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती अटी पूर्ण केल्या की सेवाकाळानुसार, त्यापुढे निवडीने.

जागा किती असतात ते मात्र बघून घ्या. २०२५ च्या जाहिरातीत देशभरासाठी अवघ्या १९ जागा होत्या. त्यामुळे पंचविशीच्या आतल्या मुलाने पूर्णवेळ अधिकारी व्हायचं असेल तर सीडीएसवर लक्ष द्यावं, टीए नंतरही करता येते. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, बँक अधिकारी, ज्यांचा जम बसलाय आणि मनातून गणवेश जात नाही, त्यांच्यासाठी मात्र ही परीक्षा अगदी योग्य.

धोनीला मिळालं तसं?

महेंद्रसिंग धोनीला २०११ मध्ये मिळाली ती लेफ्टनंट कर्नलची मानद पदवी. कपिल देव यांनाही २००८ मध्ये तशीच. धोनी २०१९ मध्ये काश्मीरमध्ये आपल्या पॅरा टीए बटालियनसोबत राहून ड्यूटी करून आला, हे कौतुकाचंच. पण परीक्षा, एसएसबी देऊन मिळालेलं कमिशन वेगळं. सचिन पायलट आणि अनुराग ठाकूर यांनी खासदार असताना असं कमिशन घेतलं.

मुलींना कुठे संधी आहे?

भूदलात अग्निवीर म्हणून मुलींची भरती मिलिटरी पोलीस कोअरमध्ये होते. टीएमध्ये अधिकारी पदासाठी महिलांना अर्ज करता येतो. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने ती वाट मोकळी झाली. जागा मात्र फारच थोड्या आहेत, वर सांगितलेल्या १९ पैकी एकच महिलेसाठी होती. हे बदलायला हवं.

जिवाचं बरंवाईट झालं तर घरच्यांना काय मिळतं?

हा प्रश्न आई विचारते, मुलगा विचारत नाही. म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

अग्निवीरचा ४८ लाखांचा विमा असतो, त्यासाठी त्याच्या पगारातून काही कापलं जात नाही. सेवेमुळे मृत्यू आला तर त्याशिवाय ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, उरलेल्या सेवाकाळाचा पगार आणि सेवा निधी. सेवेमुळे अपंगत्व आलं तर १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख आणि ५० टक्क्यांना १५ लाख. नियमित सैनिकाच्या पत्नीला किंवा आईवडिलांना मिळणारं आयुष्यभराचं कुटुंब पेन्शन मात्र यात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक कोवळा अग्निवीर सियाचिनमध्ये मरण पावला, तेव्हा हा फरक सगळ्या महाराष्ट्रासमोर आला. माझं स्पष्ट मत आहे की सीमेवर मरण पावलेल्या दोन जवानांच्या आयांमध्ये असा फरक असू नये. पण आज नियम हा आहे, आणि तो माहीत असूनच सही केली पाहिजे.

टीएचा जवान सेवेत बोलावलेला असताना घायाळ झाला किंवा गेला, तर त्याला नियमित सैनिकाच्या धर्तीवर लाभ मिळतात. घरी असलेल्या काळात अपघात झाला तर ते लागू नाहीत. त्यामुळे टीएत जाणाऱ्याने स्वतःचा मुदत विमा घेतलेला असावा.

परत आल्यावर ‘माजी सैनिक’ म्हणून सवलती मिळतात का?

चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीराला तो दर्जा मिळत नाही, त्यामुळे माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेची वैद्यकीय सोयही नाही. टीएमध्ये तीन प्रकारच्या लोकांना मिळतो : सलग सेवेची पेन्शन मिळालेले, सैनिकी सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदक विजेते. काही वर्षं टीएत काढून परत आलेल्याला तलाठी भरतीत माजी सैनिकाच्या कोट्यातून अर्ज करता येईल असं कुणी सांगत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन खात्री करा. तिथे नीट माहिती मिळते आणि पैसे लागत नाहीत.

वडील रिटायर्ड फौजी आहेत. त्यांना टीएत काही करता येईल?

पर्यावरण बटालियनमध्ये प्रामुख्याने माजी सैनिकच असतात. पहिली १९८२ मध्ये डेहराडूनला उभी राहिली, मसुरीचे उजाड डोंगर हिरवे करायला. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला १३६ महार पर्यावरण बटालियन आहे. खडकाळ माळावर खड्डे घेणं, रोपं लावणं आणि ती जगवणं हे तिचं काम.

होमगार्ड आणि टीए एकच का?

अजिबात नाही. होमगार्ड राज्याच्या गृह विभागाखाली येतं. टीए भारतीय सैन्य आहे.

एक ओळखीचे साहेब दोन लाखांत टीएचं काम करून देतो म्हणतात.

ते चोर आहेत. सैन्य भरतीत पैसे देऊन जागा मिळत नाही. मिळतं ते खोटं नेमणूक पत्र, आणि ते घेऊन पोरगा बटालियनच्या गेटवर उभा राहतो तेव्हा कळतं. बरेचसे एजंट आगाऊ पैसे मागत नाहीत, फक्त ‘मूळ मार्कशीट आमच्याकडे ठेवा’ म्हणतात. मुलगा स्वतःच्या हिमतीवर पास झाला की तीच मार्कशीट अडवून पैसे काढतात. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. कुणी मागितला तर पोलिसांत जा.

कागदपत्रांत मुलं कुठे अडतात?

नावात. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. वडिलांच्या नावापुढे एकीकडे ‘राव’ आहे, दुसरीकडे नाही. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं. धावण्यात पहिल्या गटात आलेला मुलगा टेबलावर अशा एका अक्षरासाठी परत फिरतो. आणि दुरुस्ती एका दिवसात होत नाही. आधार केंद्र, शाळा, बोर्ड, कधी राजपत्र अशी फिरती करावी लागते.

म्हणून जाहिरात येण्याची वाट बघू नका. आजच दहावीची मार्कशीट समोर ठेवा आणि बाकी प्रत्येक कागद तिच्याशी अक्षर अन् अक्षर जुळवून बघा : आधार, पॅन, डोमिसाइल, जातीचा दाखला, बँक पासबुक. सरपंचांचा चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, त्यामुळे तो शेवटी काढा. डोमिसाइल तहसीलमधून यायला वेळ लागतो, तो सगळ्यात आधी. सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या फाइलमध्ये आणि फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे, दाढी करून काढलेले.